तास कमी कराच, पण ‘ओव्हर’ द्यायलाही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॉक्टरांच्या जागा वाढणार असल्याच्या बातम्या गेले वर्षभर सतत वाचनात येत आहेत. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत ७५ हजार वैद्यकीय जागांची घोषणा झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारी संस्थांमध्ये पाच हजार पदव्युत्तर जागा वाढवायला मंजुरी दिली. जागा हव्यातच. तालुक्याच्या गावी फिजिशियन मिळत नाही म्हणून शंभर किलोमीटर पेशंट न्यावा लागतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण या जागांवर येणाऱ्या मुलामुलींना तीन वर्षांत शिकवणार कोण, कधी आणि काय, याबद्दल कुठे फारसे लिहून येत नाही. मेडिसिन विभागात आयुष्य काढल्यामुळे त्याबद्दल लिहावेसे वाटले, विशेषतः ‘ओव्हर’बद्दल, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या डॉक्टरकडे सोपवण्याबद्दल.

एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटची, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरची, सकाळ बघा. उजाडायच्या आत तो वॉर्डात असतो. पन्नास-साठ पेशंटांचे रक्त घ्यायचे: सीबीसीसाठी (रक्तपेशींची मोजणी) जांभळ्या झाकणाचा बल्ब, म्हणजे रक्ताची नळी, पीटी-आयएनआरसाठी (रक्त गोठण्याची तपासणी) निळ्या झाकणाचा. निळा बल्ब खुणेपर्यंत भरला नाही की लॅब तो परत पाठवते आणि पुन्हा सुईपासून सुरुवात. मग रिपोर्टसाठी लॅब, पिशवीसाठी रक्तपेढी, मामा (वॉर्डबॉय) जागेवर नसतील तर सीटी स्कॅनपर्यंत ट्रॉली ढकलायची, अधूनमधून जन आरोग्य योजनेच्या मंजुरीची कागदपत्रे अपलोड करायची. नऊ वाजता राउंड सुरू होतो तेव्हा या पोराच्या हातातल्या कागदावर सगळे आकडे असतात, पण त्यातल्या निम्म्या पेशंटांच्या छातीला त्याचा स्टेथोस्कोप लागलेला नसतो. मेडिसिन शिकायला आलेला डॉक्टर दिवसाचे पहिले तास हमाली आणि कारकुनीत घालवतो आणि आपण त्याला प्रशिक्षण म्हणतो.

कामाच्या तासांचे नियम नाहीत असे नाही. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला साधारण ४८ तास अशी मर्यादा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत तर आकडाच नाही, ‘वाजवी तास’ असे म्हटले आहे. आयोगाच्याच मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तास आणि एक सुट्टी अशी शिफारस केली. मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या आंदोलनांतही ड्युटीच्या तासांचा मुद्दा वर्षानुवर्षे येतो आणि तो रास्त आहे. छत्तीस तास न झोपलेल्या माणसाने इन्सुलिनचा डोस लिहू नये, हे सांगायला कोणत्याही समितीची गरज नाही.

माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. तास कमी केले की दिवसातल्या ड्युट्यांची संख्या वाढते, ड्युट्या वाढल्या की पेशंट एका डॉक्टरच्या हातातून दुसऱ्याच्या हाती जास्त वेळा जातो. अमेरिकेने हे पुरते अनुभवले आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली, उपचार करणारे रेसिडेंट थकलेले होते असे म्हणत तिच्या पत्रकार वडिलांनी प्रकरण लावून धरले आणि १९८९ मध्ये त्या राज्यात रेसिडेंटसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. २००३ मध्ये ती देशभर लागू झाली. २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला सलग १६ तासांची मर्यादा घातली, ती २०१७ मध्ये मागे घेतली. ६३ इंटर्नल मेडिसिन कार्यक्रमांची तुलना करणाऱ्या अभ्यासात, ही मर्यादा असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही पद्धतींत पेशंटांच्या मृत्युदरात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. याउलट नऊ रुग्णालयांतल्या बालरोग रेसिडेंटना पेशंट पुढच्या ड्युटीच्या हवाली कसा करायचा, हे शिस्तीने शिकवले, तेव्हा टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्या. हा अभ्यास २०१४ चा आहे. आपल्याकडे त्याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

एक नेहमीचा पेशंट डोळ्यांपुढे आणा. रक्तदाबासाठी थायझाइडची गोळी घेणाऱ्या सत्तरीच्या आजी गुंगीत दाखल होतात. रक्तातले सोडियम १०८, म्हणजे फारच कमी (हायपोनॅट्रेमिया). आकडी येते, म्हणून तीन टक्क्यांचे सलाइन लावले जाते. सुरुवातीला इथे घाईच करायची असते, पण वेळेवर थांबायचेही असते. चोवीस तासांत सोडियम आठ-दहापेक्षा जास्त चढले, तर मेंदूतल्या पेशींवरचे आवरण उतरू शकते आणि दोन ते सहा दिवसांनी, घरचे लोक डिस्चार्ज कधी विचारत असताना, आजींचे बोलणे आणि गिळणे बंद पडते. आता रात्री आठला ड्युटी बदलते. जाणारा सांगतो, ‘चौदा नंबर, हायपोनॅट्रेमिया, सलाइन चालू आहे, स्टेबल.’ येणाऱ्याच्या हाती यातून काहीच लागत नाही. सलाइन किती वाजता लावले, पहिला आकडा काय होता, पुढचे रक्त कधी घ्यायचे, कोणत्या आकड्याला सलाइन काढायचे आणि मध्येच लघवी भराभर व्हायला लागली तर काय समजायचे, हे सगळे जाणाऱ्याच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबर होस्टेलवर जाऊन झोपते.

आपल्याकडे ओव्हर अशीच दिली जाते. जिन्यात, कँटीनच्या वाटेवर, हल्ली बरेचदा व्हॉट्सॲपवर. खरे सांगायचे तर वॉर्डातल्या सिस्टर हे काम डॉक्टरांपेक्षा कितीतरी नेटाने करतात. जाणारी आणि येणारी दोघी बेडमागून बेड फिरतात, सलाइनची बाटली बघतात, रजिस्टरवर सही करतात. डॉक्टरांनी हे शिकायला अमेरिकेला जायचीही गरज नाही.

दुसरी गोष्ट बेडसाइड शिकवण्याची. यकृत हाताला कसे लागते, हे पुस्तकात वाचून येत नाही. पेशंटच्या उजव्या बाजूला उभे राहायचे, हात थंड असेल तर चोळून घ्यायचा, पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, पेशंटला तोंडाने श्वास घ्यायला सांगायचा आणि प्रत्येक श्वासागणिक बोटे थोडी वर न्यायची. दाबायचे नाही, यकृताच्या कडेला बोटांवर येऊ द्यायचे. पहिल्यांदा ती कड लागते तेव्हा रेसिडेंटचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्यासाठी शिक्षकाला बेडपाशी दहा मिनिटे द्यावी लागतात. रिकाम्या पदांवर कंत्राटी नेमणुका, आयोगाच्या तपासणीपुरत्या बदल्या आणि शिक्षकांची बायोमेट्रिक हजेरी यांतून ती दहा मिनिटे निघत नाहीत. हजेरीची नोंद यंत्रावर होते, पण त्यानंतर तो शिक्षक बेडपाशी आला का, हे ते यंत्र सांगू शकत नाही.

बेडपाशी बसण्याचे मोल महाराष्ट्राला तरी सांगायला नको. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात विंचूदंशाचे पेशंट रात्र रात्र शेजारी बसून पाहिले, रक्तदाब आणि नाडी टिपत राहिले, आणि प्राझोसिन या औषधाचा उपचार त्यातून उभा राहिला. नव्या नियमांतली तीन महिन्यांची जिल्हा रेसिडेन्सी, म्हणजे रेसिडेंटने जिल्हा रुग्णालयात काम करण्याचा काळ, मला याच कारणासाठी आवडते. फवारणीच्या विषबाधेच्या पेशंटला ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध किती द्यायचे, हे त्याच्या छातीतला घरघराट ऐकत ठरवावे लागते आणि असे पेशंट जिल्हा रुग्णालयातच जास्त येतात. फक्त तिथे रेसिडेंटला रिकामी जागा भरणारा मेडिकल ऑफिसर म्हणून वापरू नये.

वैद्यकीय शिक्षण विभागाने मेडिसिनच्या प्रत्येक वॉर्डाला रात्री आणि पहाटे रक्त घेणारा तंत्रज्ञ आणि ट्रॉलीसाठी माणूस द्यावा. दोन ड्युट्यांमध्ये अर्ध्या तासाचा सामाईक वेळ रोस्टरमध्येच दाखवावा, तो कामाच्या तासांत धरावा आणि त्या वेळी लेक्चररने वॉर्डात हजर असावे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने लॉगबुकात लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यातून पाणी काढणे) आणि सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी घालणे) यांच्याइतकीच ओव्हरची नोंद सक्तीची करावी: रेसिडेंटने दिलेली ओव्हर शिक्षकाने प्रत्यक्ष ऐकून सही करायची. पुढच्या तुकडीपासून हे सुरू व्हावे, अशी माझी विनंती आहे.

आपली,
मेडिसिन विभागातील एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे