आमच्या अक्का ‘भागधारक’ झाल्या त्याची गोष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका छोट्या महिला संस्थेचा खजिनदार. म्हणजे नावाला खजिनदार, बाकी पावत्या फाडायच्या, बँकेत रांगेत उभं राहायचं आणि ऑडिटच्या वेळी सीएंच्या ऑफिसात बिलांची पिशवी घेऊन बसायचं, हे माझं काम. विडी कामगार बायकांच्या मुलींसाठी आम्ही संध्याकाळी अभ्यासिका चालवतो. मागं संस्थांच्या कपॅसिटी बिल्डिंगसाठी, म्हणजे संस्थांना कारभार नीट करायला शिकवण्यासाठी, बाहेरून एक टीम आली होती, मार्गदर्शन द्विभाषिक असेल असं पत्रात लिहिलेलं, म्हणून मी आमच्या दोन अक्कांना मुद्दाम घेऊन गेलो. दोघींनी त्या दिवसाची विडी बुडवली.

द्विभाषिक म्हणजे काय, तर स्लाइड इंग्रजीत आणि खाली मोबाइलनं करून टाकलेलं मराठी. ‘स्टेकहोल्डर’चं तिथं ‘भागधारक’ झालेलं. मुली भागधारक, त्यांच्या आया भागधारक, शाळेचे मास्तर पण भागधारक. आमची एक अक्का, घरी तेलुगू बोलते, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलीय, पतसंस्थेत तिचे शेअर आहेत, ती हात वर करून म्हणाली, "सर, भागधारक म्हणताय तर आमचा डिव्हिडंड कधी निघणार?" हॉल हसला, सर पण हसले आणि पुढची स्लाइड लावली. पण ती गंमत करत नव्हती ओ. पतसंस्थेच्या सभेची नोटीस तिला दरवर्षी येते आणि त्यात शेअर घेतलेल्या सभासदांना हाच शब्द असतो, त्याचा अर्थ तिला त्या सरांपेक्षा जास्त माहीत होता.

आता तुम्ही म्हणाल एका शब्दाचं काय एवढं. शब्दाचं नाही, कागदाचं आहे. आमची घटना, म्हणजे संस्थेची नियमावली, मराठीत, ठराव मराठीत, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा तो मराठीत. आणि इन्कम टॅक्सचं पोर्टल, सीएसआरचं (कंपन्या समाजकामासाठी देतात त्या पैशाचं) प्रपोजल, देणगीदार कंपनीचा ई-मेल हे सगळं इंग्रजीत. मधला पूल कुणीच बांधत नाही. आमच्या नोंदणी दाखल्यावर नाव बरोबर आहे, पॅन काढताना कुणीतरी इंग्रजी स्पेलिंग आपल्या मनानं केलं, बँक पासबुकावर तिसरंच, आणि ह्या तीन नावांची एक संस्था आहे हे पटवून देण्यात आमचे सात महिने गेले. २०२१ पासून १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) एकदा मिळालं की कायमचं असं राहिलं नाही, मुदत संपायच्या आत पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि हे दोन्ही हातात नसेल तर सीएसआरचे पैसे घ्यायला लागणारा सीएसआर-१ हा नोंदणी नंबर मिळत नाही, तो नंबर नसेल तर कंपनी दारात उभं करत नाही. ८०जी वाल्या देणग्यांची यादी ३१ मेच्या आत भरायची असते, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. आम्ही १९ दिवस उशीर केला, हिशेब तुम्हीच करा. एवढ्या पैशात पोरींच्या वह्या आल्या असत्या. आणि चूक कुणाची म्हणाल तर माझीच, मेल आला होता, इंग्रजीत होता, मी नंतर बघू म्हणून ठेवला.

पण चांगलं पण सांगतो. त्यानंतर ओळखीतून एक मॅडम आल्या, त्यांनी प्रोजेक्टर मागितला नाही, अक्काचं हजेरी रजिस्टर मागितलं. अक्का गैरहजर पोरीपुढं नुसती फुली मारत नाही, कारण लिहिते, "पान भिजवायला घरी", "आईला ताप", "माल द्यायचा होता". मॅडम चटईवर बसून दोन तास ते वाचत होत्या, मग म्हणाल्या, बेसलाइन बेसलाइन म्हणून, म्हणजे सुरुवातीची परिस्थिती काय होती त्याची नोंद, कंपनी जे मागते ते हेच की, तुमच्याकडं दोन वर्षांचं तयार आहे. आम्ही गप्पच. आउटपुट आणि आउटकम ह्यातला फरक मला चार ट्रेनिंगमध्ये कळला नव्हता, त्या म्हणाल्या, अभ्यासिका किती दिवस उघडी होती ते आउटपुट आणि पोरगी दहावीला बसली का विडीला बसली ते आउटकम. ही बाई अडलं की तेलुगूत पण दोन शब्द टाकायची, उच्चार वाईट होता पण अक्का खुश. माझ्या मते सल्लागार असा पाहिजे, ज्याला अक्काचं रजिस्टर वाचता येतं आणि तेच कंपनीच्या फॉर्ममध्ये बसवता येतं, नुसतं भाषांतर तर काय फोन पण करतो.

अडचण अशी की अशा माणसाची फी द्यायला आमच्याकडं पैसे नाहीत आणि देणगीदार म्हणतात पैसे मुलींवर खर्च करा, कन्सल्टंटवर नको. मग संस्था जातात टक्केवारीवाल्यांकडं, प्रपोजल मंजूर झालं की एवढे टक्के माझे, आणि तो जे लिहून देतो ते संस्थेतल्या एकालाही वाचता येत नाही. कंपनीची माणसं भेटीला आली की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

तर सीएसआर देणाऱ्या कंपन्यांना तुमच्या पेपरातून एवढंच सांगायचं आहे, सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड सगळं चालतं, अक्कलकोटकडच्या संस्थांची तऱ्हा आमच्यापेक्षा वेगळी नाही. रिपोर्ट मराठीत घ्या, इंग्रजी तुमच्या ऑफिसात करून घ्या, तुमच्याकडं माणसं आहेत. आणि प्रोजेक्टच्या बजेटमध्ये एक ओळ ठेवा, वर्षातून सहा दिवस असा माणूस आमच्याकडं येऊन बसायला. हॉल आणि जेवणाचा खर्च नसला तरी चालेल, आमच्याकडं कडक भाकरी आणि शेंगा चटणी असते.

त्या मॅडमनी जाताना एक वही घालून दिली, डावीकडं इंग्रजी शब्द आमच्या लिपीत आणि उजवीकडं अक्का त्याला काय म्हणते ते. साठ-सत्तर शब्द झालेत. स्टेकहोल्डरपुढं अक्कानं लिहिलंय, "ज्यांना फरक पडतो ते". कुठल्या संस्थेला वही पाहिजे असेल तर येऊन झेरॉक्स काढून घ्यावी, झेरॉक्सचे पैसे तेवढे द्यावेत, पावती मी फाडून देईन.

आपला,
एका छोट्या संस्थेचा खजिनदार,
पूर्व भाग, सोलापूर