कोन्सेप्सियोन उपसागराच्या किनाऱ्यावरून

मुलेहे, बाहा कॅलिफोर्निया सुर, मेक्सिको

ती. दादा व सौ. वहिनी यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही दोघेही खुशाल आहोत आणि हिचे गुडघे इथल्या उबेत पुष्कळ बरे आहेत, हे आईला आधी सांग. कॅल्गरीत या दिवसांत पारा उणे तीसपर्यंत उतरतो. इथे दुपारी नुसत्या सदऱ्यावर बसता येते. उघड्यावर राहण्याची आईला काळजी वाटते, पण आम्ही गाडीत झोपतो, तंबू केवळ स्वयंपाकासाठी आहे. सांतिस्पाकच्या किनाऱ्यावर झावळ्यांनी शाकारलेल्या पालापांच्या, म्हणजे उघड्या मांडवांच्या, आडोशाला कॅनडा-अमेरिकेहून आलेली आमच्याच वयाची जोडपी शेजारी असतात, आणि पाणी, भाजी व ताजी मासळी विकणारे दाराशी येतात. उत्तरेचा वारा सुटला की मात्र तंबूचे दोर पुन्हा पुन्हा आवळावे लागतात.

तुला रस्त्याची धास्ती वाटते, म्हणून तेही सविस्तर लिहितो. 1973 साली पूर्ण झालेला हा महामार्ग अरुंद आहे आणि बऱ्याच ठिकाणी त्याला बाजूपट्टी नाही. इथे वाहने उजवीकडून चालतात. पुढचा ट्रकवाला डावा दिवा लुकलुकवतो, तेव्हा समोरचा रस्ता मोकळा आहे, तुम्ही पुढे जा, असे तो मागच्याला कळवत असतो. आपल्या घाटात ट्रकवाले हात बाहेर काढून खुणावतात, तसेच हे. अडचण अशी की त्याला स्वतःला डावीकडे वळायचे असले तरीही तो तोच दिवा लावतो. म्हणून जवळपास फाटा नाही ना, त्याचा वेग कमी होत नाही ना, हे पाहून आणि समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्यावरच मी गाडी पुढे काढतो. रस्त्यावर गुरे येतात, त्यामुळे अंधार पडल्यावर गाडी चालवतच नाही.

हिवाळाभर मेक्सिकोत राहता, मग इकडे का येत नाही, असे आईने विचारल्याचे तू कळवलेस. इतका लांबचा विमानप्रवास हिच्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि दोघांच्या तिकिटांच्या पैशांत इथला बराचसा हिवाळा निघतो. कारणे खरी आहेत, दादा. तरीही इथे दिवेलागण होते तेव्हा तिकडे उजाडलेले असते आणि आईचा चहा तुम्हीच करून देता, हे मनातून जात नाही. तुमच्यावर सगळा भार पडला आहे, वहिनी, याची मला जाणीव आहे.

कौलांच्या कामाचा माझा अर्धा वाटा पुढच्या आठवड्यात तुझ्या खात्यावर जमा होईल. आईच्या औषधांचे पैसे त्यातून घेऊ नकोस, ते मी वेगळे पाठवतो. थोरलीचे स्थळ पक्के झाल्याचे वाचून आम्हा दोघांना फार आनंद झाला. तिच्या दागिन्यांचा खर्च माझा, यावर वाद नको. आमचा इथला परवाना 180 दिवसांचा आहे, त्यामुळे एप्रिलअखेर आम्हाला निघायचेच आहे. मुहूर्त वैशाखात धरलात तर मी नक्की येईन, ही येऊ शकली नाही तरी एकटा येईन. तारीख ठरताच कळव, म्हणजे तिकीट काढतो.

तुझा,
धाकटा