बूम व्हँग: ड्रिल उचलण्याआधी हिशेब करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बूम म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा आणि बूम व्हँग म्हणजे त्याला खाली ओढून धरणारी दोर-कप्प्यांची जोडणी. फिरतीच्या छोट्या शिडाच्या बोटींवर हा व्हँग म्हणजे शर्यतवाल्यांचे खूळ, असे समजून तो बसवलाच जात नाही. नाहीतर हाताशी असलेल्या दोन कप्प्या आणि उरलेला दोर यांवर काम भागवले जाते. दोन्ही प्रकार धोक्याचे आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

बोट वाऱ्याच्या तोंडाकडे चालली असते तेव्हा मेनशीट (मुख्य शीड आवळण्या-सोडण्याचा दोर) बूमला खाली ओढून धरते. शीट सोडून बूम बाहेर गेला की ही खालची ओढ संपते. बूम वर उचलला जातो, शिडाची मागची कड ढिली पडते, वरचा भाग पुढे पिळवटतो आणि मागून वारा असेल तर बोट झोके खाऊ लागते. अशा वेळी नकळत जाइब झाला, म्हणजे मागचा वारा पलटून बूम झटक्यात दुसऱ्या बाजूला गेला, तर वर उचललेला बूम बॅकस्टेत (डोलकाठीला मागून धरणाऱ्या तारेत) अडकू शकतो. बूम कुठल्याही बाजूला असला तरी त्याला खाली धरून ठेवणे, हे व्हँगचे काम. ते फिरतीच्या बोटीला शर्यतीच्या बोटीइतकेच लागते.

बहुतेक जण चुकतात ते ताणाच्या अंदाजात. समजा बूम 3 मीटर लांब आहे आणि डोलकाठीच्या पायथ्यापासून 75 सेंमी उंचीवर आहे. व्हँग आणि बूम यांच्यात 45 अंशांचा कोन साधायचा तर व्हँगचे वरचे टोक गूजनेकपासून (बूम डोलकाठीला जोडणाऱ्या सांध्यापासून) 75 सेंमी मागे, म्हणजे बूमच्या पाव लांबीवर येते. शिडाची कड बूमचे टोक 40 किलोने वर ओढत असेल, तर त्या जागी खाली 160 किलो लागतात आणि दोर तिरपा असल्याने व्हँगमध्ये सुमारे 226 किलो ताण येतो. वरचे टोक तिथेच ठेवून हाच कोन 30 अंशांवर आणला तर ताण 320 किलोंवर जातो आणि त्यातले सुमारे 277 किलो बूमला नुसते पुढे, डोलकाठीवर रेटण्यात जातात. वाऱ्याचा झोत आला की हे आकडे आणखी चढतात. म्हणून कप्प्या आणि शॅकल (जोडकड्या) किमान 450 किलो कामाच्या भाराच्या घ्याव्यात.

या हिशेबातली एक गोष्ट सहज सुटते. व्हँग खाली ओढतो, कड टोक वर ओढते, त्यामुळे बूमचे पुढचे टोक सी-सॉसारखे खाली दाबले जाते, वरच्या उदाहरणात 120 किलोंनी. जुन्या बोटींवर गूजनेक डोलकाठीवरच्या उभ्या पट्टीवर सरकणारा असतो. त्याच्या खाली पक्का अडसर नसेल तर तो घसरतो आणि व्हँग कितीही ओढला तरी कड ताणली जात नाही.

व्हँगचे खालचे टोक डोलकाठीलाच, पायथ्याशी आणि गूजनेकच्या बरोबर खाली हवे. ते डेकवर डोलकाठीच्या मागे 10 सेंमी जरी लावले, तरी बूम बाहेर जाताना दोन टोकांमधले अंतर वाढते आणि मधल्या स्थितीत ताणलेला व्हँग आपोआप आणखी आवळत जातो. मग रिव्हेट तरी उपटतात किंवा बूम तरी वाकतो. शिवाय मागून पाठबळ नसलेला डेक अशी ओढ सोसण्यासाठी बांधलेला नसतो.

बूमवर भोके पाडण्याआधी आउटहॉल (शिडाचा मागचा कोपरा ओढून धरणारा दोर) आणि रीफचे (शीड लहान करण्याचे) दोर आतून जात असतील तर ते काढून घ्यावेत. व्हँग अडकवायची पट्टी स्टेनलेसची, बूम ॲल्युमिनियमचा. मधे झिंक क्रोमेटची पेस्ट किंवा पातळ नायलॉन हवेच, नाहीतर खारट हवेत ॲल्युमिनियम खाल्ले जाते. बूमची भिंत दोन-तीन मिलिमीटरची असते. त्यात आटे पाडून बसवलेल्या 6 मिलिमीटरच्या स्क्रूला जेमतेम दोन-तीन आटे मिळतात. त्यापेक्षा मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) 4.8 किंवा 6.4 मिलिमीटरचे रिव्हेट खात्रीचे. ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट इथे चालत नाहीत. आधी 3 मिलिमीटरचे भोक, मग 4.8 च्या रिव्हेटसाठी 4.9 चे. बूमच्या घेराभोवती सगळी भोके एका रेषेत आली तर बूम तिथेच कमकुवत होतो, म्हणून ती मागेपुढे ठेवावीत. बोल्ट आरपार घालायचाच असेल तर आत नळी हवी, नाहीतर नट आवळताना बूम चेपतो. रिव्हेटची आतली शेपटे रीफच्या दोराला घासत नाहीत ना, हे बूमच्या टोकातून टॉर्च मारून पाहावे.

6 मीटरपर्यंतच्या बोटीला चौपट ओढीची कप्पी पुरते, त्यापुढे सहापट किंवा आठपट घ्यावी. दोर 8 मिलिमीटरचा, कमी ताणणारा पॉलिएस्टर. वरच्या मापात व्हँगची लांबी 106 सेंमी भरते, पण शीड चढवताना बूम उचलला की ती 130 सेंमीपर्यंत जाते. त्यामुळे कप्प्यांत चार पदरी 5.2 मीटर आणि कॉकपिटपर्यंत (सुकाणूपाशी बसण्याच्या जागेपर्यंत) 3 मीटर, असा 8.2 मीटर, म्हणजे थोडा जास्त धरून साडेआठ मीटर दोर घ्यावा. तो कॉकपिटपर्यंत आणण्यात कसूर नको. झोक्यात बूमचे टोक पाण्यात बुडाले आणि व्हँग घट्ट असला, तर बूम व्हँगच्या पट्टीपाशीच मोडतो. त्या क्षणी डोलकाठीपाशी धावत जाण्याइतका वेळ नसतो. कॅम क्लीटवरून (दोर पकडून ठेवणाऱ्या दातेरी चिमट्यातून) दोर एका झटक्यात सुटला पाहिजे.

व्हँग दोराच्या बळावर ओढत बसू नये. आधी मेनशीटने बूम खाली घ्यावा, व्हँगचा ढिलेपणा काढून घ्यावा, मग शीट सोडावी. सर्वांत वरची बॅटन (शिडात घातलेली ताठ पट्टी) बूमला समांतर दिसली की पुरे. रीफ घेताना मात्र टॉपिंग लिफ्टवर (बूमचे टोक वरून धरणाऱ्या दोरावर) बूमचा भार घेऊन व्हँग आधी सोडावा, नाहीतर रीफच्या दोराची सगळी ओढ शिडाच्या डोळ्यावर येऊन कापड फाटते. आणि हाच व्हँग सोडून कडेच्या रेलला बांधून प्रिव्हेंटर (बूम अचानक फिरू न देणारा दोर) म्हणून वापरायची जुनी सवय टाळावी. प्रिव्हेंटर बूमच्या टोकालाच हवा.

पहिल्या जोराच्या वाऱ्यानंतर पट्टीभोवती हाताचे बोट फिरवून पाहावे. रिव्हेटभोवती काळी रेघ उमटली असेल तर तो रिव्हेट हलू लागला आहे. तो लगेच काढून एक माप मोठा घालावा.

आपला,
एक वाचक