गच्चीवरील अँटेना : फरशी मोकळी ठेवता येते

महोदय,

ठाण्यातील अनेक गृहनिर्माण सोसायट्या हौशी रेडिओच्या (छंद म्हणून स्वतःच्या वायरलेस संचावरून इतरांशी संपर्क साधण्याच्या) परवानाधारकांना गच्चीवर अँटेना उभारू देत नाहीत. माझ्या सोसायटीनेही गेल्या वर्षी माझा अर्ज फेटाळला आणि कारण दिले ते फरशीवर पसरणाऱ्या तारांचे : माणसे अडखळतील, वॉटरप्रूफिंग दुखावेल. ही भीती रास्त आहे, कारण पाव तरंगलांबीच्या उभ्या अँटेनाला जमिनीलगत रेडियल तारांचे, म्हणजे तिच्या बुंध्यापासून चहूकडे पसरणाऱ्या तारांचे, दाट जाळे लागते. अमेरिकेतील मध्यम लहरींच्या प्रसारण केंद्रांत तर अशा १२० तारा पुरण्याचा प्रघात आहे.

मात्र तारा उंच ताणल्या, तर चारही पुरतात. अँटेनाचा परतीचा प्रवाह मातीत किंवा स्लॅबमधील सळ्यांत शिरून उष्णतेत वाया जाण्याआधीच या तारा तो गोळा करतात. २० मीटर बँडसाठी, म्हणजे सुमारे २० मीटर तरंगलांबीच्या लहरींसाठी, सुमारे ५ मीटरची उभी नळी आणि तेवढ्याच लांबीच्या चार तारा लागतात. त्या एकमेकींशी काटकोनात आणि नेमक्या समान लांबीच्या हव्यात, तरच त्यांचे स्वतःचे प्रक्षेपण परस्परांना रद्द करून जवळजवळ नाहीसे होते. टोकांकडे थोडा उतार दिल्यास अँटेनाचा सुमारे ३६ ओहमचा रोध संचाला जोडणाऱ्या केबलच्या ५० ओहमकडे सरकतो, हा आणखी एक लाभ.

सुरक्षेबाबत मात्र कमिटीने कठोरच असावे. प्रक्षेपण चालू असताना तारांच्या टोकांशी मोठा विद्युतदाब असतो. म्हणून टोके इन्सुलेटरने बांधलेली आणि अडीच मीटरपेक्षा उंच, म्हणजे वाळत घातलेले कपडे काढणाऱ्यांच्या हाताला न लागणारी असावीत. केबल जोडतो तिथेच चोक (केबलच्या बाहेरच्या अंगाने वाहणारा प्रवाह अडवणारे साधन) हवा, अन्यथा केबलच पाचवी रेडियल बनून प्रवाह घरात आणते आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीत खरखर येऊ शकते. रेडियल म्हणजे अर्थिंग नव्हे, हे तर आम्ही हौशी लोकही विसरतो. विजेपासून संरक्षणासाठी नळीला स्वतंत्र अर्थिंग द्यावेच लागते.

२६ जुलै २००५ रोजी फोन बंद पडल्यावर आपल्या माणसांची खबर मिळवण्यासाठी झालेली तडफड ठाणेकरांना आठवत असेल. अशा वेळी चालणारी केंद्रे शहरात हवी असतील, तर त्यांचा सराव एरवी व्हायला हवा, आणि तो गच्चीवरील अँटेनाशिवाय होत नाही. राज्यांतर्गत संपर्काला कमी उंचीवरील आडवा डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन तारांची अँटेना) अधिक उपयोगी, हे खरे. पण दूरच्या केंद्रांसाठी उभी अँटेनाच सोयीची, आणि खाडीकाठच्या इमारतींना खाऱ्या पाण्याची साथही मिळते.

माझी विनंती एवढीच की, कमिट्यांनी सरसकट नकार देण्याऐवजी अर्जदाराकडून आराखडा मागवावा, तारांची उंची स्वतः मोजून घ्यावी आणि परवानगी एका वर्षापुरती द्यावी. मी याच अटींवर नवा अर्ज दिला आहे.

– एक परवानाधारक, ठाणे