स्टिरिओ आपला तोच राहील

तीर्थरूप बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

स्टिरिओचं मी ठरवून टाकलंय. आधी तेच सांगते, म्हणजे पुढचं पत्र धडधड न होता वाचाल. अँप्लिफायर घरातून जाणार नाही, स्पीकर जाणार नाहीत, रेकॉर्डी आणि कॅसेटींपैकी एकही कुणाला दिली जाणार नाही. कपाटातलं सगळं गाणं फाइलींमध्ये उतरवून झालंय आणि यापुढे ते फाइली वाजवणाऱ्या एका लहानशा डबीतून त्याच अँप्लिफायरमध्ये जाईल. पुढच्या खेपेला मी डबी घेऊनच येते. दादाला सगळंच नवीन, तोंडी हुकमावर चालणारं काहीतरी आणायचं होतं. त्याला मी नको म्हटलं. त्याच्या मनात मायाच होती, त्याला बोलू नका.

बाबा, तुम्हाला विचारलं असतं तर ‘राहू दे, माझं चाललंय’ म्हणाला असतात. पण वरच्या फळीवरच्या कॅसेटींसाठी तुम्ही स्टुलावर चढता हे आईने सांगितल्यापासून मला स्वस्थता नाही. आणि आई, गुडघा धरल्यापासून खालच्या कप्प्यातल्या रेकॉर्डींसाठी तू वाकतच नाहीस, म्हणून तुझं सकाळचं गाणंच थांबलंय. हे तू मला सांगितलं नाहीस, फोनमागे पूर्वी ऐकू यायचं ते येईनासं झालं तेव्हा कळलं. मी इतक्या लांब बसलेय, स्टूल धरायला येऊ शकत नाही. स्टूल लागणारच नाही एवढं तरी मला करू द्या.

बाबा, तुमची शंका मला पाठ आहे: फाइलीत गाणं सपाट होतं. ती खोटी नाही. 128 केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला जेमतेम 128 किलोबिट माहितीच्या, एमपीथ्री आपण ऐकल्यात. जागा वाचवायला त्यात कानाला फारसा जाणवणार नाही असा भाग कापूनच टाकतात, आणि तानपुऱ्याची जवारी त्यात विरून जायची. म्हणून मी सगळं फ्लॅक नावाच्या, काहीही न कापणाऱ्या फाइलींमध्ये ठेवलंय. त्यात फाइल साधारण निम्मी होते, पण वाजताना मूळचा आकडा न् आकडा परत मिळतो. सीडीत एका सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने असतात. तुमच्या कॅसेटी आणि रेकॉर्डी मी 96,000 नमुन्यांनी, 24 बिटमध्ये उतरवल्यात. कॅसेटला इतकी गरज नसते, मला मान्य आहे, पण पुन्हा पुन्हा टेप फिरवायची वेळ येऊ नये म्हणून एकदाच हात सैल सोडला. डबीतला डॅक नावाचा भाग त्या आकड्यांची पुन्हा आवाजाची लाट करतो, आणि तिथून तारेत जो सिग्नल निघतो तो तुमच्या कॅसेट डेकमधून यायचा त्याच जातीचा. पुढे सगळं तुमचंच आहे, बास तुमचा, ट्रेबल तुमचा, खोलीचा कोपरा तुमचा.

खरखर काढून टाकलेली नाही. ती पुसणारी साधनं आहेत, लावूनही पाहिली, पण खरखरीबरोबर स्वराच्या कडाही घासल्या जातात. आणि त्या लाल पट्टीच्या कॅसेटवर अप्पांचं खाकरणं आहे, काकूचं मधेच हसणं आहे. त्याला मी कशाला हात लावू?

अनुक्रमही बदललेला नाही. तुमच्या वहीतले नंबर तसेच्या तसे फाइलींना दिलेत. वहीत 47 असेल तर डबी चालवायच्या टॅबलेटवर 47 दाबायचं, मोठ्या अक्षरात ‘बाजू ए’ आणि ‘बाजू बी’ येईल. मधेच उड्या मारून गाणी लावणारं बटण मी बंदच करून ठेवलंय. लहानपणी बाजू पलटायचं काम माझं होतं ना, बाबा! तुम्ही सुईवर हलकी फुंकर मारायचात आणि मी श्वास धरून स्पीकरच्या जाळीला कान लावून पालथी पडायचे. तो पहिला ‘टप्प’ अजून माझ्या कानात आहे. तो फाइलीतही आहे, मुद्दाम ठेवलाय.

इंटरनेट गेलं तरी गाणं थांबणार नाही, सगळं डबीच्याच डिस्कवर आहे. डिस्क कधी ना कधी बिघडते, म्हणून एक प्रत माझ्याकडे आणि एक दादाकडे ठेवलीय.

अँप्लिफायर दुरुस्तीहून आला की तुम्हाला तो आधीसारखाच दिसेल. आतले वाळलेले कपॅसिटर बदललेत, खुंट्यांमधली कचकच साफ केलीय. स्पीकरच्या कडेचा फोम भुगा होऊन गळत होता, तो नवा लावलाय, पण थरथरणारे शंकू जुनेच. आवाजाच्या खुंटीची मला फार काळजी होती. त्या काळच्या अँप्लिफायरना ऑक्सवर, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडायच्या जागी, 150-200 मिलिव्होल्ट पुरायचे. हल्लीच्या डबीतून 2 व्होल्टपर्यंत येतात. तसंच जोडलं तर खुंटी जरा हलवताच घर दणाणेल, आणि आई दचकेल. म्हणून मध्ये दहा डेसिबल कमी करणारी पिन बसवणार आहे. व्होल्ट साधारण एक तृतीयांश होतात. तुमच्या बोटांना खुंटी जिथे थांबवायची सवय आहे, त्याच्या आसपासच ती थांबावी असं मला वाटतं.

आता थोडं हुकमी बोलते, रागावू नका.

मागच्या बाजूला फोनो लिहिलंय तिथे डबीची पिन कधीही लावायची नाही. ती जागा रेकॉर्ड प्लेअरचीच. सुईचा सिग्नल अगदी बारीक, म्हणून तिथे तो शंभरेक पट वाढवतात, शिवाय रेकॉर्ड कापताना कमी केलेला बास परत चढवतात. डबी तिथे लागली तर नुसता गडगडाट होईल. ऑक्सवर मी हिरवी पट्टी चिकटवेन, डबी फक्त तिथेच. आवाजच आला नाही तर घाबरू नका, आधी टेप मॉनिटरचं बटण आत दबलंय का बघा. ते दबलेलं असलं की अँप्लिफायर डेककडे कान लावून बसतो.

लावताना आधी डबी, मग अँप्लिफायर. बंद करताना आधी अँप्लिफायर. आई, तू विणलेला रुमाल त्याच्यावर शोभतो, पण त्याने वरच्या फटी झाकल्या जातात आणि तो तापतो. रुमाल रेकॉर्ड प्लेअरच्या झाकणावर घाल, तिथे जास्त खुलून दिसेल. जळका वास आला तर भिंतीवरचं बटण बंद करायचं आणि मला फोन. बाबा, स्क्रू खोलायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहू शकते. तुम्ही पूर्वी सगळं स्वतः खोलायचात हे मला ठाऊक आहे, तरीही नाही.

कॅसेटी मी मधल्या कप्प्यात आणेन, स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब. रेकॉर्डी उभ्याच राहू द्या. ज्या दिवशी सुई टेकवावीशी वाटेल त्या दिवशी खुशाल टेकवा, प्लेअर जोडलेलाच असेल.

आणखी एक. बाबा, हल्ली तुम्ही ट्रेबल शेवटपर्यंत फिरवता असं आई म्हणते. वयाप्रमाणे वरच्या पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात, सगळ्यांनाच. स्पीकर तपासून झालेत, आता एकदा कानही तपासून घ्या. तुमच्यासारखा ऐकणारा मी दुसरा पाहिला नाही, म्हणूनच सांगतेय. आई, तू तारीख घे, ते स्वतः घेणार नाहीत.

काही कॅसेटींवरचं तुमचं अक्षर पार पुसलंय. 112 नंबरवर पुरुषाचा आवाज आहे, मागे नुसता तानपुरा, आणि शेवटी कुणीतरी ‘पुरे आता’ म्हणतं. वहीतलं ते पान बघून रविवारी फोनवर सांगा, म्हणजे नाव घालून ठेवते.

तुमची,
छोटी