बाबांचा चहा आणि आईचं हिमोग्लोबिन

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, दादाच्या हाती ग्रीन टीचा पुडा पाठवला आहे. हे औषध नाही. आपला रोजचा चहा ज्या झाडाचा, त्याचीच ही पानं. खुडल्यावर लगेच वाफ देतात किंवा कढईत भाजतात, म्हणून ती काळी पडत नाहीत आणि त्यांतली कॅटेचिन नावाची द्रव्यं जास्त टिकतात. त्यांनी वाईट कोलेस्टेरॉल जरासं उतरतं, पण जरासंच. पारावर कोणी म्हणालं की यानं शुगर बरी होते, तर ऐकू नका. बीपीची आणि शुगरची गोळी चुकवायची नाही.

मला खरी काळजी आहे ती तुमच्या साखरेची. उठल्यावर चहा, वावरात जाताना चहा, आल्यावर चहा, ओसरीवर कोणी टेकलं की पुन्हा चहा. कपाला दोन चमचे, चमच्यात साधारण 4 ग्रॅम. पाच कप झाले की 40 ग्रॅम साखर नुसत्या चहातून! त्यांतले दोन कप बिनसाखरेच्या ग्रीन टीचे करा, 16 ग्रॅम तिथंच वाचली.

आई, हा चहा गंजात खदखदा उकळू नको, कडू होतो. पाण्याला उकळी आली की गॅस बंद कर, तीन-चार मिनिटं थांब, मग कपाला चमचाभर पानं टाकून दोन-तीन मिनिटं झाकून ठेव. फिक्का पिवळसर उतरेल. बाबा म्हणतील, हे तर पाणीच आहे. त्यांना सांग, याचा रंग असाच असतो. वरून लिंबू पिळ, दूध नको.

तुझं मात्र वेगळं आहे. तुझं हिमोग्लोबिन कमी, आणि चहातलं टॅनिन डाळ-भाजीतलं लोह अंगी लागू देत नाही. म्हणून जेवण किंवा लोहाची गोळी आणि चहा यांत तासभर तरी जाऊ दे. आपल्या दुधाच्या चहालाही हेच लागू. जेवून उठल्या-उठल्या चहा ठेवायची तुझी सवय आता सोड, माझी शपथ आहे. दिवेलागणीनंतरही नको, यात कॅफीन असतं, झोप मोडते.

मामांना रक्त पातळ करणारी वॉरफरिन सुरू आहे. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा ग्रीन टी घेऊ नये. आणि वजन उतरवायच्या ग्रीन टीच्या कॅप्सूल कोणी विकायला आणल्या तर घेऊ नका, जास्त मात्रेत त्या यकृताला बाधतात.

चव जमली नाही तर फोन करा, तुळशीचा मिळतो तो पाठवते. कापूस वेचायला बाया मिळाल्या का, तेही कळवा.

तुमची लेक