संगीतवर्गाच्या खोलीसाठी आवाहन: मिरगापूर्वी काम व्हायला हवं

सप्रेम नमस्कार,

वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाच्या मागच्या खोलीत गायन, पेटी, तबला आणि पखवाज यांचे वर्ग चालतात. शिकवणारे आहेत, शिकणारी मुलं आहेत, गरजेपुरती वाद्यंही आहेत. खोली मात्र संगीत शिकण्याजोगी नाही. आज तुमच्याकडे मागणं आहे ते तेवढ्यासाठीच.

वर पत्रा आहे. पाऊस धरला की गुरुजींना समोर बसलेल्या मुलीचा षड्ज ऐकू येत नाही आणि मुलीला तंबोरा. मग ती आवाज चढवते. स्वतःचा सूर कानावर यावा म्हणून ओरडून गायची सवय एकदा लागली की पुढे ती सोडवायला वर्षं जातात, आणि आवाज फुटायच्या वयातल्या मुलांचे गळे बसतात ते वेगळंच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचं एक सत्र नोव्हेंबर-डिसेंबरात असतं. त्याची खरी तयारी व्हायची ते जून ते सप्टेंबरचे महिने, आणि नेमके तेच आमच्या हातून जातात. ऐपत असलेले पालक मुलांना पणजी-म्हापशाला शिकवायला नेतात. बाकीच्यांना हाच वर्ग आहे.

अनेक जण आपुलकीने विचारतात, ‘नवी पेटी देऊ का? तबल्याची जोडी देऊ का?’ त्यांना हात जोडून सांगतो, यंदा वाद्य नको. आहेत तीच वाद्यं या खोलीत टिकत नाहीत. कोकणच्या दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओल ओढून सैल पडते, सूर उतरतो. मुलं हातोडीने बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून तो चढवतात. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की तीच पुडी नको इतकी ताणली जाते आणि फाटते. ओलीने पुडीवरच्या काळ्या शाईचे पोपडे सुटतात. पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, स्प्रिंगांना गंज धरतो, भात्याला बुरशी येते. चांगली पेटी आणून या भिंतीला टेकवून ठेवणं आम्हाला पटत नाही.

खोलीचं काय करायचं याबद्दल सल्लेही खूप आले. सगळ्यात जास्त आलेला सल्ला म्हणजे अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवा. याने काम होत नाही. हलकी, पोकळ वस्तू आवाज अडवू शकत नाही. फार तर वरच्या पट्टीतला घुमारा थोडा कमी होईल, आणि पुठ्ठा पेट घेतो ही भीती कायमची. आवाज अडवायला वजन लागतं. पत्र्याचा आवाज येतो तो थेंबाच्या माराने पातळ पत्रा थरथरतो म्हणून. त्यावर उपाय असा की पत्र्याखाली अंतर सोडून सिमेंटबोर्डाचं छत करायचं आणि मधल्या पोकळीत रॉकवूलचा, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीचा, थर अंथरायचा. पाऊस ऐकू येणारच, पण त्यात तंबोरा बुडणार नाही. उन्हाळ्यात उष्माही कमी होईल.

दुसरी अडचण भिंतींची. मूळ बांधकाम जांभ्या चिऱ्याचं. चिरा खडबडीत आणि सच्छिद्र असतो, आवाज थोडा मुरवतो, थोडा विखरून टाकतो. मागे कधीतरी त्यावर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा झाला, वर ऑइलपेंट चढला, खाली चकचकीत लादी आली. आता खोलीत टाळी वाजवली की दोन भिंतींमध्ये ती किणकिणत राहते. तबल्याचा ‘तिरकिट’ वाजला तर चार बोलांचा एकच गोळा कानावर येतो. मुलाचं बोट चुकलं की खोलीने घोटाळा केला, हे गुरुजींनाही सांगता येत नाही.

यासाठी महागडे पॅनेल आणायची गरज नाही. आपल्याकडे काथ्या आहे. काथ्याच्या जाड चटया लाकडी चौकटीत ताणून भिंतीपासून दोन इंच पुढे बसवायच्या. मागे हवा खेळती राहिली की चटई आवाजही जास्त शोषते आणि ओलही धरत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एकच झाकायची. सगळीकडे मऊ लावलं तर आवाज मेल्यासारखा होतो आणि गाणाऱ्याला आपल्याच गळ्याची साथ मिळत नाही. खोलीतला नाद अर्ध्या-पाऊण सेकंदात विरावा, एवढाच हिशेब आहे. जमिनीवर जाड सतरंज्या, उरलेल्या भिंतीला पुस्तकांची उघडी कपाटं. वाचनालय असल्याने ती आहेतच.

दार पोकळ प्लायचं आहे, ते बदलून भरीव लाकडाचं करायचं आहे, चौकटीला रबराची पट्टी आणि खाली उंबरा. फट उघडी राहिली तर दार कितीही जाड असून उपयोग नाही. रस्त्याकडच्या खिडक्यांना जाड काच बसेल. आंब्याच्या बागेकडच्या खिडक्या मात्र तशाच उघडत्या ठेवणार आहोत. आपल्या हवेत बंद डब्यासारखी खोली करून मुलांना घामाघूम बसवण्यात अर्थ नाही.

आता सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट. वाचनालयाला लागून अडगळीची एक लहान खोली आहे. ती मोकळी करून रियाजाची खोली करायची आहे. वर्गात आठवड्यातून दोन दिवस शिकवलं जातं, पण रियाज घरीच व्हायला हवा, आणि घरी त्याला जागा नसते. एका खोलीत टीव्ही, दुसरीत बहिणीचा दहावीचा अभ्यास, पडवीत आजारी आजोबा. पखवाज शिकणाऱ्या मुलाने कुठे जायचं? कित्येक मुलं शिकणं सोडतात ती आवड संपली म्हणून नव्हे. ही खोली रोज पहाटे सहा ते नऊ आणि संध्याकाळी उघडी राहील. वर्गातली नसलेली गावातली भजनी मंडळीही तिथे सरावाला येऊ शकतील. डबलबारीचा, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचा, नाद असलेल्या आपल्या मुलुखात हे व्हायलाच हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं. वयस्कर बुवांना खाली बसणं जड जातं, म्हणून एक बुटका लाकडी चौथरा आणि दारात पायरीऐवजी उतार करणार आहोत.

वाद्यांसाठी दाराचं लाकडी कपाट होईल, त्यात ओल घालवायला विजेचा एक छोटा दिवा. वीज गेल्यावर उजेड, पंखा आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा चालावा म्हणून इन्व्हर्टर हवा. मुलींसाठी स्वच्छतागृहाची दुरुस्ती याच कामात धरली आहे.

सगळ्याचा अंदाज सुमारे ३ लाख रुपये आहे. त्यात छताचे सव्वा लाख, भिंती, दार आणि खिडक्यांचे ६५ हजार, रियाजाच्या खोलीचे ६० हजार आणि उरलेले ५० हजार कपाट, इन्व्हर्टर व स्वच्छतागृहाचे.

रक्कम लहान-मोठी कशीही चालेल. साहित्यही चालेल: वापरात नसलेलं सागवानी दार, फणसाच्या फळ्या, काथ्याच्या चटया, जाड सतरंज्या. मुंबईतल्या चाकरमान्यांना खास विनंती. गणपतीत आरतीनंतर तुम्ही ज्यांच्या भजनाला मान डोलावता, त्यातली निम्मी पोरं याच खोलीत शिकलेली आहेत. वाडीवाडीने मिळून एक चौकट, एक खिडकी उचलली तरी काम पुढे सरकेल.

प्रत्येक देणगीची पावती वाचनालयात मिळेल. देणगी आणि खर्चाचा हिशेब दर महिन्याला बाहेरच्या फलकावर लावला जाईल, कामाची बिलं कुणालाही पाहता येतील. एखाद्याच्या स्मरणार्थ देणगी दिली तर त्याची नोंद वहीत राहील. भिंतीवर पाट्या मात्र लावणार नाही, भिंती आम्हाला आवाजासाठी हव्या आहेत.

पत्र्याखाली छत करायचं काम मार्चमध्ये सुरू केलं तरच मिरगापूर्वी संपेल. म्हणून देणगी फेब्रुवारीअखेर पोचावी. अडगळीची खोली मोकळी करायला फेब्रुवारीतल्या दर रविवारी सकाळी आठ वाजता श्रमदान आहे. येताना घमेलं, फावडं आणि शक्य असेल त्यांनी शिडी आणावी. चहा आणि घावणे वाचनालयात होतील.

आपली,
वाचनालय व संगीतवर्ग समिती